सहा महिन्यांची वॉरंटी

दोन्ही हातांत जड रिसीव्हर धरून त्यानं दुकानाचं दार कोपरानं ढकललं, तेव्हा ती टेबलाखाली घरंगळलेला स्क्रू शोधत होती. वर आली तर समोर राखाडी स्वेटर, वाऱ्यानं विस्कटलेले केस आणि... डोळे. डोळ्यांकडे नंतर सावकाश पाहायचं, असं तिनं ठरवलं.

“मेकॅनिक आहेत का?” त्यानं विचारलं.

“आहे.”

“जरा बोलावता?”

“आलीय की. आत्ताच, टेबलाखालून.”

तो कानापर्यंत लाल झाला. कोपऱ्यात जुना रेडिओ खोलून बसलेले तिचे बाबा मिशीत हसले.

दोन स्पीकरवर रेडिओची गाणी वाजवणारा तो रिसीव्हर त्याच्या वडिलांच्या वेळचा. वडील आता नव्हते. अर्धा तास छान वाजायचा, मग डावा स्पीकर गप्प. त्यानं दोन्ही स्पीकर अदलाबदल करूनही पाहिले होते, तरी डावीकडचाच बंद पडायचा. म्हणजे दोष रिसीव्हरमध्येच. एवढं स्वतः करून आलेलं गिऱ्हाईक तिला वर्षातून एखादंच भेटायचं.

“आईला उजव्या कानानं ऐकू येत नाही,” तो म्हणाला. “तिची खुर्ची डाव्या स्पीकरपाशी आहे. वडिलांनीच ठेवलेली, त्यामुळे हलवू देत नाही. तो बंद पडला की तिचं घरच मुकं होतं.”

या दुकानात गिऱ्हाईकं बिघाडावरून ओळखली जायची. खरखरवाल्या काकू, फ्यूजवाले मास्तर. बाबांनी त्याच दिवशी याचं बारसं केलं: डावीकडचे.

बाबांचा एक नियम होता. दोष स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय सोल्डरिंग आयर्न हातात घ्यायचं नाही. आणि दोष काही येईना. दवाखान्यात पाऊल टाकताच ताप उतरावा, तसा रिसीव्हर दुकानाच्या टेबलावर तासन्‌तास दोन्ही बाजूंनी गुणी बाळासारखा वाजत राहिला. डावीकडचे रोज संध्याकाळी सहाला ऑफिसातून थेट येऊन स्टुलावर बसायचे. दोघं मिळून बिघाडाची वाट पाहायचे.

“आज बंद पडेल?”

“तुम्ही असं टक लावून पाहिलंत, तर लाजून पडायचाच नाही.”

“मी रिसीव्हरकडे नव्हतो पाहत.”

तिनं उगाचच आवाजाचं बटण फिरवलं. आवाज वाढला. मग कमी केला. बाबांना अचानक चहाची आठवण झाली आणि ते बाहेर गेले.

मंगळवारी तो गेला आणि स्वेटर स्टुलावरच राहिला. तिनं उचलला. घडी घालायची होती खरी, पण हात थांबले. बाहीला पेन्सिलीचा आणि कागदाचा वास होता. दिवसभर नकाशे काढायचा ना तो. बाबा येताना दिसले तशी तिनं घाईघाईनं तो समोरच्या रिसीव्हरवर टाकला आणि भलत्याच कामात डोकं घातलं. अर्ध्या तासानं डावा स्पीकर गप्प झाला.

तिच्या लख्ख ध्यानात आलं. रिसीव्हर झाकला की तापतो. घरी त्याची आई धूळ बसू नये म्हणून त्यावर कापडाचं जाड आवरण घालत असणार. दुकानात तो उघडा, म्हणून थंड. तिनं झाकण काढून लाकडी काडीनं हळूच टकटक केली. डावीकडचं एक सोल्डर केसभर तडकलं होतं; तापलं की तिथला जोड सुटायचा. दहा मिनिटांचं काम.

पण दहा मिनिटांनंतर तो कशाला येणार होता?

बुधवारी त्यानं विचारलं, “सापडला?”

“नाही अजून.”

“आणि माझा स्वेटर?”

“तोही नाही,” ती म्हणाली. स्वेटर खालच्या खणात होता. चोराच्या मनात चांदणं, म्हणून ती दिवसभर त्या खणासमोरच उभी राहिली. आनंद होत होता आणि मनही खात होतं.

शुक्रवारी तो आला, पण स्टुलावर बसला नाही.

“मी परवा चाललोय. पुलाच्या कामावर... दोन वर्षांसाठी.”

“आधी नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तुम्ही घाई केली असती.” त्यानं रिसीव्हरवर हात ठेवला. “पण काल आई रिकाम्या फळीकडे कान करून बसली होती. नुसतीच. मी गेल्यावर घरात दुसरा आवाज असणार नाही. आता घाई करा.”

तिनं रिसीव्हर पुढ्यात ओढला. झाकण काढलं, आयर्न तापवलं, एकच ठिपका दिला. मग खण उघडला, स्वेटर रिसीव्हरवर पांघरला आणि उभी राहिली. अर्धा तास झाला, पाऊण झाला. डावा स्पीकर वाजत राहिला.

“आईंना सांगा, यावर काही झाकायचं नाही.”

“आई झाकते, हे तुम्हाला कसं कळलं?” आणि मग, हळूच, “दोष कधी सापडला?”

“मंगळवारी.” तिनं नजर वर केली. “ठेवून घेतला. चूक झाली माझी. तुम्ही येत राहावं, असं वाटत होतं.”

तो हसला नाही, हे तिला फार बरं वाटलं.

दुकानाच्या रिवाजाप्रमाणे झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं नोंद करायची असते; पुढच्या मेकॅनिकला उपयोग होतो. तिथं खोटं लिहायचं नाही, हाही बाबांचाच नियम. तिनं लिहिलं: ‘डावं सोल्डर तडकलेलं. मंगळवारी सापडलं, शुक्रवारी जोडलं. उशिराचं कारण मेकॅनिक.’

त्यानं वाकून वाचलं. बराच वेळ वाचलं.

“वॉरंटी किती?”

“सहा महिने.”

“मला पहिली सुट्टी सहा महिन्यांनीच आहे.” त्यानं तिच्या बोटांतून पेन्सिल काढून घेतली आणि तिच्या ओळीखाली, नकाशावर लिहितात तशा सुबक अक्षरात, लिहिलं: ‘सहा महिन्यांनी पुन्हा बिघडेल. गिऱ्हाईक स्वतः घेऊन येईल.’

तिनं स्वेटर काढून घेतला आणि झाकण बसवलं. चारही स्क्रू लावले, फार घट्ट नाही. तो रिसीव्हर उचलून दाराशी गेला. हात भरलेले, म्हणून दार तिनं उघडलं.

“स्वेटर राहिला,” ती म्हणाली.

“राहू दे. तिथं थंडी नसते.”

तो वळणापर्यंत गेला, मग दिसेनासा झाला. ती आत आली. डोळे भरून आले होते आणि ते पुसायला तिच्या हातात फक्त स्वेटर होता, रिसीव्हरच्या उबेनं अजून गरम.

“काय गं,” बाबांनी रेडिओतून मान वर न करता विचारलं, “डावीकडचे पुन्हा कधी यायचेत?”

“वॉरंटीत,” ती म्हणाली, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटत सहाव्या महिन्यापर्यंत गेली.