डावीकडे वळणारी हनुवटी

चहाचा कप टेबलावर तसाच ठेवून डॉक्टरबाई तळघरात उतरल्या, तेव्हा त्यांच्या मनात भीती नव्हती, चीड होती. किरणोपचाराच्या खोलीतून नानांचा पुन्हा फोन आला होता. नाना तिथले जुने तंत्रज्ञ, मोजकं बोलणारे. एवढंच म्हणाले, ठमीचा फोटो आजही जुळत नाही.

ठमी नुकती कॉलेजात जाऊ लागलेली मुलगी. घरातलं लाडाचं नाव इथंही तिला चिकटलं होतं. नाकाच्या मागे गाठ. सगळं आयुष्य पुढे पडलेलं, म्हणून डॉक्टरबाईंनी आखणी फार जपून केली होती. किरण चारी बाजूंनी फिरत येणार, गाठीवर एकवटणार आणि लाळेच्या ग्रंथी, जबडा, मणका यांना जमेल तितकं चुकवणार. अशा कामात केसाएवढा फरक चालत नाही. त्यासाठी गरम पाण्यात मऊ केलेली जाळी चेहऱ्यावर बसवून तिचा मुखवटा केला होता. तो खटक्यांनी टेबलाला अडकवला की मान हलायची सोयच नव्हती. तरी किरण सोडण्याआधी आखणीशी जुळवून बघायला जो फोटो काढायचे, त्यात रोज तिची हनुवटी डावीकडे वळलेली दिसायची.

सगळे उपाय करून झाले होते. यंत्र दुरुस्त करणारा येऊन, यंत्र ठणठणीत आहे असं सांगून गेला. मुखवटा नवा केला. डॉक्टरबाई नानांवर तडकल्या. फोटो जुळेना म्हणून किरण सोडता येईनात, आणि उपचारात खंड पडला की ही गाठ पुन्हा डोकं वर काढते. बाहेर बाकावर बसलेली ठमीची आई रोज विचारायची, आज झालं का हो. तिला नाही म्हणायचं डॉक्टरबाईंच्या अगदी जिवावर यायचं.

त्या दुपारी त्यांनी स्वतः मुखवटा अडकवला. एकेक खटका ओढून पाहिला. बाहेर आल्या आणि जाडजूड दरवाजा घरघरत त्यांच्या मागे बंद झाला. बाहेरच्या अंधाऱ्या खोलीत पडद्याचा तेवढा उजेड होता. पंख्यांची घुमघुम कानात बसत होती. बंद खोल्यांना येतो तसा कुबट, गार वास आज जरा जास्तच येत होता.

फोटो उमटला. हनुवटी डावीकडे.

डॉक्टरबाईंनी माईक ओढला. "ठमे, हलू नकोस ना गं."

आतून दबलेला आवाज आला. "मी नाही हलत... हात हलवतो."

"कसला हात?"

"गार आहे... रोज हनुवटीला धरतो. मला वाटलं... नाना आहेत."

नाना डॉक्टरबाईंच्या शेजारीच उभे होते.

डॉक्टरबाई तरातरा आत गेल्या. ठमीशिवाय आत कोणी नव्हतं. वैतागून त्यांनी मुखवटा सोडवला. ठमीच्या चेहऱ्यावर जाळीचे वण उठले होते, पण डाव्या जबड्याखाली एक वेगळाच खळगा होता, बोट रुतून राहिल्यासारखा. बघता बघता तो भरून येत होता. त्यांनी त्यावर आपलं बोट ठेवलं आणि ते तिथंच थबकलं. खाली वाटाण्याएवढं काहीतरी कडक लागत होतं.

संध्याकाळच्या आत पुन्हा स्कॅन झाला. डावीकडे नवी गाठ होती, आणि आधीच्या आखणीत तिथं किरण पोचतच नव्हते. डॉक्टरबाईंनी सगळी आखणी नव्यानं केली. पुढच्या वेळी फोटो पहिल्या झटक्यात जुळला आणि नंतर कधी हलला नाही.

याचा अर्थ काय, हे त्यांना कोणी सांगू शकलं नाही. विचारणार तरी कोणाला? नानांकडे विषय काढला की ते, मागे एक मुलगी होती, तिचाही फोटो शेवटपर्यंत जुळला नाही, गेली बिचारी, एवढंच पुटपुटून टेबल पुसायला लागायचे. डॉक्टरबाईंची चिडचिड मात्र वाढतच गेली. उत्तर न मिळण्याची त्यांना सवय नव्हती.

ठमीचं तोंड सोललं, चव गेली, कपडे अंगावर लोंबू लागले. पण तिनं नेटानं उपचार पुरे केले. शेवटच्या दिवशी नाना तिच्या आईला आनंदाची बातमी द्यायला बाहेर गेले होते. पडद्यासमोर डॉक्टरबाई एकट्याच होत्या. माईकवर त्यांनी ठमीला सांगितलं, आता थोडंच राहिलंय, धीर धर.

ठमी बाहेर आली. घसा बसला होता, तरी हसत होती. दारापर्यंत जाऊन ती परत वळली.

"डॉक्टर, तुम्ही माईकवर बोलत होता ना... तेव्हा तुमच्या शेजारी कोण होतं?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, कोणी नव्हतं, मी एकटीच होते.

ठमी गोंधळली. बाहेर आई वाट बघत होती, म्हणून घाईघाईनं म्हणाली, "मग ती मुलगी... सारखी रडत तुम्हाला विचारत होती. डॉक्टर, माझा फोटो जुळला का?"