फुकट हॉल देणारा माणूस

चंद्र लिफ्टमध्ये मावत नव्हता.

फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर चॉकलेटची चांदी. मी तो तिरका करून आत ढकलत होते आणि आतून कुणीतरी हळूच ओढून घेत होतं.

"चंद्राला कितव्या मजल्यावर जायचंय?" पुठ्ठ्यामागून आवाज आला.

"तिसऱ्या. ताईच्या चाळिसाव्या वाढदिवसाला प्रॉम करतोय आम्ही, शाळा संपताना असतो ना, तसा नाच. घरातच... गच्चीवर आवाज चालणार नाही म्हणतात."

चंद्राच्या कडेवरून दोन डोळे दिसले. हसरे. तळमजल्यावर नवीन आलेले, कान तपासणारे! आम्ही घरात त्यांना 'कानवाले' म्हणायचो.

"मग माझ्याकडे करा. रविवारी क्लिनिक बंदच असतं. गालिचा आहे, आवाजही बाहेर जात नाही."

"भाडं?"

"भाडं कसलं? काही नको."

इथे माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मी विमा कंपनीत खोटे दावे शोधते. मला पगारच मुळी संशय घेण्याचा मिळतो. त्यातून फुकट गोड बोलणाऱ्या एकावर मी पूर्वी विश्वास ठेवला होता, तर त्याचं लग्न आधीच ठरलेलं निघालं. पण पैसे बेताचे होते आणि ताईसाठी मला ही पार्टी करायचीच होती. शाळेच्या शेवटच्या वर्षी सगळ्या मुली लांब झगे घालून नाचायला गेल्या, तेव्हा आई दवाखान्यात होती आणि ताई तापाने फणफणलेल्या माझ्या उशाशी. 'माझं राहूनच गेलं बघ,' असं ती अजूनही हसत म्हणते. ते हसणं मला सहन होत नाही.

म्हणून हो म्हणाले. आणि नजर ठेवली.

कानवाले रोज संध्याकाळी आमच्याबरोबर चांदण्या कापायला बसायचे. त्यांची चांदणी प्रत्येक वेळी बटाट्यासारखी व्हायची.

"कोट आहे ना तुमच्याकडे?" मी विचारलं. "कपाटात पडून असलेलं, एकदाच घातलेलं काहीतरी घालून यायचं, असा नियम आहे. नवीन खरेदी बंद."

"आहे एक. पण बटण लागत नाही."

"मग श्वास रोखून नाचा."

"तुमच्यासमोर तसाही रोखलेलाच असतो..."

मी कात्री खाली ठेवली. "हे वाक्य किती जणींना ऐकवलंय?"

"तुम्ही नेहमी अशीच उलटतपासणी घेता?"

"उत्तर टाळणारा सापडला की घेते."

ते हसले, मीही हसले असते. पण तेवढ्यात ते म्हणाले, "ताईंना भिंतीशी नका बसवू. मध्यभागी, गालिच्यावरच. आणि पहिला नाच त्यांच्याबरोबर मी करीन."

ताईबरोबर? मी कान टवकारले. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पाहिलं, तर ताई आणि कानवाले दारात उभे. ताई त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होती. मी दिसताच दोघंही गप्प.

"काय चाललंय?"

"अं? हो, हो," ताई म्हणाली आणि हसली. हल्ली ती कशालाही 'हो, हो' म्हणून हसायची.

ताईचं कुणावर मन बसलं असेल तर मी आनंदाने नाचायला हवं होतं. पण मला रडू येत होतं. या माणसावर मी नजर ठेवली ती संशयाने, आणि ती हलवता येईनाशी झाली ती कधीतरी नंतर. आता कळून काय उपयोग?

रविवारी प्रॉम झकास सजला. पुठ्ठ्याची कमान, तारेचा मुकुट, बटाट्याच्या आकाराच्या चांदण्या. माझे ऑफिसातले साहेब स्वतःच्या लग्नातला कोट घालून आले आणि वाकायचं टाळत राहिले. ताई मैत्रिणीच्या निळ्या झग्यात इतकी सुंदर दिसत होती की मी तिच्याकडे बघायचं धाडसच केलं नाही.

गाणं लागलं. कानवाल्यांनी हात पुढे केला, दोघं गालिच्याच्या मध्यभागी गेली. आणि ताई थांबली. तिने हात कानाशी नेला, केस मागे सारले. कानात बारीकसं यंत्र होतं.

"अगं... शब्द कळतायत गं मला!"

मी धावतच गेले. "ताई, हे काय? कधीपासून?"

"ऐकू कमी यायला लागून वर्ष झालं. गाणं म्हणजे नुसता गलका व्हायचा." ती रडत होती, हसत होती. "या गालिच्याखाली तार आहे म्हणे. गाणं तिच्यातून सरळ यंत्रात येतं. मीच त्यांना बजावलं होतं, तुला सांगू नका म्हणून. तू लगेच चौकशी समिती नेमली असतीस!"

जगाचे खोटे दावे शोधणारी मी. घरातलं 'हो, हो' मला ऐकू आलं नव्हतं. मी तिला घट्ट मिठी मारली आणि आम्ही दोघी तशाच नाचलो, एकमेकींच्या पायांवर पाय देत.

मग मी कानवाल्यांना शोधलं. ते आतल्या खोलीत, काचेच्या केबिनपाशी उभे होते.

"मला वाटलं, तुमचं आणि ताईचं..."

"माझं?" ते दचकले. "पेशंटची गोष्ट कशी सांगणार होतो मी?... बसा आत. तुमचेही कान तपासू. ऐकू आलं की बटण दाबा, इकडे दिवा लागतो."

मी हेडफोन लावून बसले. काचेपलीकडे ते. बारीक शिट्टी, बटण. त्याहून बारीक, बटण. मग त्यांचा आवाज, अगदी हळू.

"हॉल दिला तो ताईंसाठी. चांदण्या कापायला आलो तो मात्र... तुमच्यासाठी."

मी बटण दाबलं नाही. "हे सगळ्या पेशंटना ऐकवता?"

काचेपलीकडचे कान लाल झाले. त्यांनी मान हलवली, आवाजाची कळ आणखी खाली फिरवली. आता नुसता श्वास ऐकू येत होता... आणि त्या श्वासात, "तुम्ही मला फार आवडता."

मी बटण दाबलं. दिवा लागला.

"ऐकू आलं?" त्यांचा विश्वासच बसेना. "बोट उचला आता, तपासणी झाली."

मी उचललं नाही.