पालथे हंडे

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. आमच्या तृप्तीला विचारून, तिने हो म्हटल्यावरच लिहिली आहे. पाड्याचं नाव तेवढं मुद्दाम दिलेलं नाही.

भुतंखेतं रात्रीच असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधीच ऐकून ठेवा.

हे घडलं रविवारी. भर दुपारी बारा वाजता. नाशिकमधल्या सातपूरच्या एका प्रयोगशाळेत, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात.

तृप्ती सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहे. खाण्यापिण्यातून, मातीपाण्यातून माणसाला आजारी पाडणारे जंतू शोधायचे, हेच तिचं संशोधन. गाड्यावरची चटणी, वणीच्या वाटेवरचा उसाचा रस, विहिरी, टाक्या... सगळ्याचे नमुने तिच्याकडे. घरी दहा महिन्यांची सायली. त्यामुळे सासूबाई तिला चिडवायच्या, "लेकीपेक्षा त्या जंतूंचेच लाड जास्त करतेस गं!"

त्या आठवड्यात पेठकडच्या एका पाड्यावरून सोमनाथचा फोन आला. सोमनाथ म्हणजे तिथला आरोग्यसेवक. पाड्यावर जुलाब-उलट्या सुरू झाल्या होत्या. पाच मुलं आजारी. आणि बुधवारी भागीबाई नावाची म्हातारी गेली होती.

"मॅडम, पानी दोनच ठिकानचं हाय. एक विहीर, एक झिरा. खराब कोणतं, तेवढं सांगा. लोकं दोन्हीचं पितात."

शुक्रवारी सकाळी तृप्ती स्वतः गेली. झिरा म्हणजे ओहोळाच्या काठाला खणलेला खड्डा. त्यात पाझरून पाणी साचतं. दिसायला काचेसारखं. विहिरीचं पाणी मात्र गढूळ, वर पाला तरंगतोय.

दोन्हीकडच्या बाटल्या भरून झाल्या तेव्हा भागीबाईची सून सविता मागोमाग आली. कडेवर मुलगी. सायलीएवढीच.

"ताई, हिला वरचं पानी सुरू केलंय. कोणतं पाजू?"

"उद्या संध्याकाळपर्यंत नक्की सांगते. तोवर उकळून पाज."

"उकळायला लाकडं कुठून आणू रोज? एक काय ते सांगा. तुम्ही सांगाल तेच पाजीन."

तिच्या दारात चार हंडे भिंतीला लागून पालथे घातलेले होते. सविता म्हणाली, "सासूची सवय. शिळं पानी घरात ठेवून द्यायची नाय. लय वटवट करायची. आता गेली, तरी माझा हात तसाच चालतो."

तृप्ती हसली. पोरीच्या गालाला हात लावून निघाली.

आता एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं नीट कळेल.

जंतू वाढवायची प्लेट म्हणजे काचेची छोटी बशी आणि तिच्यावर तसंच झाकण. बशीत जेलीसारखा थर. त्यावर पाणी पसरायचं आणि एक दिवस उबेत ठेवायचं. पाणी खराब असेल तर ठिपके उगवतात. हिरवट, धातूसारखी चमक असलेले. भुंग्याच्या पाठीसारखे.

या प्लेट उबेच्या कपाटात पालथ्या ठेवायच्या. नाहीतर झाकणावर धरलेली वाफ थेंब होऊन जेलीवर पडते.

आणि नमुन्याचं नाव लिहायचं ते बशीच्या बुडावर. झाकणावर कधीच नाही. कारण झाकण बदलू शकतं. हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही रागावून रागावून शिकवतात. तृप्ती स्वतः शिकवायची.

शुक्रवारी दुपारी तिने पाणी पसरलं. एका नमुन्याच्या खरं तर तीन प्लेट करायला हव्या होत्या. तिने एकेकच केली. दोन्ही प्लेट सुकायला उघड्या ठेवल्या, झाकणं बाजूला. तेवढ्यात फोन वाजला.

"अगं, सायलीला एकशे दोन ताप आहे. येतेस का?" सासूबाई होत्या.

फोन ठेवला, झाकणं लावली, प्लेट कपाटात ठेवल्या, कपाट बंद केलं आणि ती धावली.

शनिवारी संध्याकाळी तिने प्लेट काढल्या. एकीवर हिरवी चमकच चमक. दुसरी स्वच्छ, एकही ठिपका नाही. नावं वाचली आणि सोमनाथला फोन केला.

"विहीर खराब आहे. विहिरीला कुणी हात लावू नका. झिऱ्याचं प्या सगळे. सविताला आठवणीने सांगा."

"बरं झालं मॅडम. आत्ताच घरोघर सांगतो."

घरी सायलीचा ताप उतरला होता. आदल्या रात्रीच्या जागरणानंतर तृप्ती जरा झोपली.

रविवारी दुसऱ्यांदा बघायला ती प्रयोगशाळेत आली. अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा बघायची पद्धत असते. दारात पुंजाकाका, तिथले वॉचमन, डबा सोडून बसले होते.

"मॅडम, रविवारी तरी जंतूंना सुट्टी द्या की!"

"ते घेत नाहीत काका, मी कशी घेऊ?"

आत कुणीच नव्हतं. फ्रिजची घरघर, कपाटातल्या पंख्याचा आवाज, बस्स.

तिने उबेचं कपाट उघडलं.

आतल्या वीस-पंचवीस प्लेट पालथ्या होत्या.

एक उताणी होती.

झाकणावर तिच्याच अक्षरात... झिरा.

काल थकव्यात आपणच तशी ठेवली असेल, असं तिला वाटलं. तिने ती पालथी केली आणि वही आणायला टेबलाकडे गेली.

मागे आवाज आला.

ठण्ण...

रिकामा हंडा फरशीवर टेकवावा, तसा.

तिने वळून पाहिलं. कुणी नाही. प्रयोगशाळेत हंडा कुठून येणार?

पण खोलीत काहीतरी कमी झालं होतं. काय ते तिला लगेच कळेना.

मग कळलं. फ्रिजची घरघर थांबली होती. पंखाही. लाइट मात्र चालू होती.

ती कपाटाकडे आली. काचेतून पाहिलं.

झिऱ्याची प्लेट... पुन्हा उताणी.

"काका!" तिने हाक मारली. "आत कुणी आलं होतं का?"

"कोण येतंय मॅडम? मी दारातच हाय की. एवढं घाबरल्यासारखं काय करताय?"

तिने मन घट्ट केलं, प्लेट पालथी केली, कपाट लावून घेतलं. हँडल धरूनच उभी राहिली. घड्याळात बाराला पाच कमी होते.

ठण्ण...

या वेळी अगदी पायाशी.

तिने खाली पाहिलं. फरशीवर पाण्याचं गोल वळं उमटलं होतं. हंड्याच्या बुडाएवढं. त्याच्या आजूबाजूला एकही थेंब नाही.

हँडल तिच्या हातातच होतं. कपाट उघडलं गेलं नव्हतं.

आत मात्र प्लेट उताणी होती. नाव वर. तिच्याकडे बघत असल्यासारखं.

झिरा.

तृप्ती सांगते, त्या क्षणी तिला भीती वाटली ती भुताची नाही. डोक्यात एकच गोष्ट आली... नाव आपल्याला दिसतंय कसं?

प्लेट उताणी असताना नाव दिसत असेल, तर ते झाकणावर आहे.

तिने दोन्ही प्लेट बाहेर काढल्या. बुडं पाहिली.

दोन्ही कोरी.

शुक्रवारची घाई, फोन, बाजूला ठेवलेली दोन झाकणं. कोणतं कोणत्या बशीवर गेलं, हे आता देवालाच ठाऊक. म्हणजे हिरवी चमक विहिरीची, की झिऱ्याची?

आणि काल संध्याकाळपासून तिच्या शब्दावर सगळा पाडा...

सविताचं वाक्य कानात आलं. तुम्ही सांगाल तेच पाजीन.

तिने सोमनाथला फोन लावला. रेंज नाही. पुन्हा. रेंज नाही. चौथ्यांदा लागला.

"सोमनाथ, चूक झाली माझी! दोन्ही पाणी बंद करा. उकळल्याशिवाय घोटभरसुद्धा नको. झिऱ्याचं पाणी किती जण प्यायले? सविताच्या मुलीला पाजलं का?"



"नाय पाजलं मॅडम."

"नक्की?"

"कोणीच नाय प्यायलं. पिणार कसं? काल रात्री बायांनी सकाळसाठी झिऱ्याचे हंडे भरून ठेवले. सकाळी बघतात तर... सगळे पालथे. अकरा घरांत. दारं आतून लावलेली होती मॅडम. जमीन नुसती ओली."

तृप्ती खुर्चीवर बसली.

"पोरांची मस्ती समजून बायांनी शिव्या दिल्या. मघाशी पुन्हा भरून आणले. आत्ता सविता वहिनी पोरीला वाटी लावणार, तर तिच्या डोळ्यांसमोर हंडा पालथा झाला. बाया आता झिऱ्याकडे जायलाच तयार नाय. म्हणतात म्हातारी राखणीला बसलीय."

"आत्ता म्हणजे किती वाजता?"

"आत्ताच की. बाराच्या टायमाला."

मागे फ्रिज घरघरायला लागला. फरशीवरचं वळं सुकलं होतं.

सोमवारी तृप्ती पुन्हा पाड्यावर गेली. तीन-तीन प्लेट केल्या, नावं बुडावर लिहिली. मंगळवारी निकाल आला. विहीर ठीक होती, औषध टाकून वापरण्याजोगी. झिऱ्याच्या तिन्ही प्लेट हिरव्यागार.

तिने आपल्या साहेबांना जाऊन चूक सांगितली. पाड्यावर जाऊन सगळ्यांसमोरही सांगितली. कुणी रागावलं नाही. सविता एवढंच म्हणाली, "वटवट करायचीच ती. ऐकल्याशिवाय सोडायची नाय."

तिच्या दारात चार हंडे पालथे होते. एकाच्या बुडावर हळदकुंकू वाहिलेलं.

पुंजाकाकांना तृप्तीने काही सांगितलं नाही. पण त्या रविवारी निघताना त्यांनीच विचारलं होतं, "मॅडम, त्या म्हाताऱ्या बाईला पानी दिलं का? मघाशी हंडा घेऊन बाहेर पडली, बोलली नाय काही."

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

या गोष्टीला आता चार महिने झाले. तृप्तीचं घर नाशिक रोडला, तिसऱ्या मजल्यावर. सोसायटीच्या टाकीचं पाणी. सायलीच्या पाण्याची बाटली ती संध्याकाळीच भरून ओट्यावर ठेवते. फिल्टरचं पाणी, झाकण घट्ट.

परवा सकाळी ती चहा टाकायला गेली.

बाटली पालथी होती.

झाकण बाजूला... नीट, उताणं ठेवलेलं.

ओटा ओला. भिंतीपर्यंत.

नवरा म्हणाला, "मांजर असेल." खिडकीला जाळी आहे. सासूबाईंनी बाटलीकडे एकदा बघितलं आणि सायलीला उचलून आत गेल्या.

तृप्तीने फिल्टरच्या नळाचं पाणी नमुन्याच्या बाटलीत भरलं आणि दुपारी बारा वाजता प्रयोगशाळेत तीन प्लेट लावल्या. नावं बुडावर. तीनदा तपासून.

तेव्हापासून घरात सगळं पाणी उकळतंय. सायलीचं दोनदा. आंघोळीचंसुद्धा.

निकाल काल दुपारीच बघायचा होता. ती कपाटासमोर गेली, हँडलला हात लावला आणि परत आली.

आज जाणार आहे म्हणते. मी विचारलं, "घाबरतेस कशाला? हिरवं दिसलं तर टाकी धुऊन घेऊ."

ती म्हणाली, "हिरव्याला नाही गं घाबरत. कपाट उघडल्यावर त्या तिन्ही पालथ्याच असू देत, एवढंच."