कापलेली कड

थोरला भाऊ बायकोला घेऊन वेगळा झाला आणि वडिलांच्या किडन्यांनी हात टेकले, त्या एकाच वर्षातली ही गोष्ट. भावाने शहराच्या दुसऱ्या टोकाला घर केलं आणि आठवड्यातून दोनदा वडिलांना हॉस्पिटलात नेण्याचं काम धाकटीच्या गळ्यात पडलं.

धाकटी डिझायनर होती. साबणाच्या, बिस्किटांच्या खोक्यांवर काय आणि कुठे छापायचं ते ठरवायची. पण तिचा जीव रमायचा दुसऱ्याच उद्योगात. जाता-येता नजरेला पडलेली वस्तू ती फोटोत धरायची आणि इंटरनेटवरच्या आपल्या पानावर टाकायची. झिजलेली पायरी, दोऱ्याने सांधलेला चष्मा, जुन्या दुकानाच्या पाटीवरचं एकच देखणं अक्षर. खाली एक ओळ, बस्स. पानाचं नाव 'आज दिसलं'. कुठले कुठले लोक ते बघायचे.

वडिलांचं डायलिसिसचं मशीन दुसऱ्या मजल्यावर होतं. ती तेवढ्याच मजल्यापर्यंत जायची. चौथ्यावर, कॅन्सरच्या वॉर्डात, तिची आई गेली होती आणि तेव्हापासून तिने त्या मजल्याचं नाव टाकलं होतं.

एका पावसाळी दुपारी ती लिफ्टमध्ये मान वाकडी करून बटणांचा फोटो काढत होती. सगळे आकडे शाबूत, फक्त चाराचा पुसून गेलेला. इतकी बोटं त्याच्यावरून गेली होती. तेवढ्यात ओल्या छत्रीसकट एक रुंद खांद्यांचा माणूस आत आला आणि घुटमळला.

"दाबू का?" त्याने विचारलं. "की... त्यांचा फोटो चाललाय?"

"दाबा. झाला काढून."

"मला चौथाच हवाय. म्हणजे हवाय असं नाही —"

ती हसली आणि हसल्याबद्दल लगेच शरमली. दुसऱ्या मजल्यावर ती उतरेपर्यंत त्याने पानाचं नाव विचारून घेतलं होतं.

तो तरण तलावावर मुलांना पोहायला शिकवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत. जन्मभर लोकांना श्वास धरायला शिकवलं आणि आता आपल्याच छातीत गाठ निघाली, हे तो शेजाऱ्याची फजिती सांगावी तसं सांगायचा. वडिलांचं मशीन चालू असेपर्यंत दोघं खाली पत्र्याच्या शेडमधल्या बाकावर बसत. केस गेलेल्या डोक्यावरून हात फिरवत तो म्हणायचा, हे टाक की पानावर, कसं गुळगुळीत डिझाइन आहे. ती म्हणायची, मी फक्त कामाच्या वस्तू घेते. अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. बोलता बोलता मध्येच शब्द संपायचे... मग एकजण पावसाकडे बघायचा आणि दुसरा पहिल्याकडे.

वडिलांच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. "फोनकडे बघून हसतेस," ते म्हणाले, "एकदा या मशीनकडे बघून हस, तेही जरा नीट चालेल."

पाऊस ओसरला आणि मास्तरचं खाली येणं थांबलं. त्याला पलंगावरून उठू देत नव्हते. मग वॉर्डातून त्याचे फोटो येऊ लागले. सलाइनच्या बाटलीतून उलटी दिसणारी खिडकी. पाण्याच्या पेल्यातून भिंतीवर सांडलेला उजेड. सिस्टरने चिकटपट्टीचे तुकडे टेबलाच्या कडेला टांगले होते, त्यांची रांग. ती हरखून जायची. पण त्याचा हात कच्चा. प्रत्येक फोटोत डावीकडे काहीतरी नको ते घुसलेलं असायचं. तिच्या पानावर सगळे फोटो चौकोनी, तेव्हा ती डावी कड सवयीने कापून टाकायची आणि त्याला चिडवायची, मास्तर, फोटो धरायला शिका. तो म्हणाला, वर ये आणि शिकव. ती म्हणाली, येईन... कधीतरी. त्याने पुन्हा विचारलं नाही.

हळूहळू फोटो कमी झाले. एके दिवशी तिने फोन केला. दोन शब्दांमध्ये त्याला थांबावं लागत होतं.

"कालचा फोटो सुंदर आला," ती म्हणाली. "डावीकडचं तेवढं काढून टाकलं."

"माहितीये. रोजच काढतेस."

"मग नीट धर ना."

त्याने आधी श्वास जमवला.

"अगं... तू जे कापतेस ना, फोटो त्याचाच असतो."

फोन ठेवून तिने त्याचे सगळे फोटो न कापलेले उघडले. खिडकीच्या डावीकडे खुर्ची. उजेडाच्या डावीकडे खुर्ची. भेटायला येणाऱ्यासाठी पलंगाशेजारी ठेवतात ती, निळ्या रेक्झिनची. प्रत्येक वेळी रिकामी. कालच्या फोटोत तर त्याने खुर्चीवर टॉवेलची घडी ठेवली होती, बसमध्ये कुणासाठी जागा धरावी तशी.

ती जिन्याने गेली. लिफ्टने तिला फार लवकर पोचवलं असतं. तिसऱ्या मजल्यावर पाय अडले. कठडा धरून ती उभी राहिली, आईला शेवटचं पाहिलेलं आठवलं. मग उरलेल्या पायऱ्या चढली.

रुंद खांदे उशीत कुठेतरी हरवले होते. त्याने तिला पाहिलं, पण ये म्हणाला नाही. ती दारातच.

"सरळ बोलावलं का नाहीस?"

"काठाशी उभं असलेल्याला मी कधी ढकललं नाही. ढकललेलं माणूस पुन्हा पाण्यात येत नाही."

तिने टॉवेल उचलला आणि बसली.

"डुगडुगतेय ही," ती म्हणाली. "कुठल्या शहाण्याने केलीये?"

"तू हललीस की डुगडुगते. हलू नकोस."

"नाही हलत." तिने त्याचा हात हातात घेतला. तो गार होता, बोटं सुजलेली. "मला तू आवडतोस. सांगायला फार उशीर केला मी."

"तलाव बंद व्हायच्या आत आलीस," तो म्हणाला. "चालतं."

पुढच्या खेपेला मशीन सुटल्यावर वडील भिंत धरत स्वतः वर आले. स्थळ बघायला आलोय म्हणाले. मास्तरला नखशिखांत न्याहाळून त्यांनी व्यसन विचारलं. मास्तर म्हणाला, एकही नाही. मग माणसात काही राम नाही, वडील म्हणाले, पण चालवून घेऊ. मास्तर इतका हसला की सिस्टरला ऑक्सिजन लावायला यावं लागलं. वडील तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यानंतर ती रोज जायची. 'आज दिसलं' पानावर नवं काही आलं नाही. लोकांनी थोडे दिवस विचारलं, मग तेही थांबले.

मास्तर त्याच वर्षी डिसेंबरात गेला, एका गुरुवारी सकाळी, चादरी बदलायला यायच्या आधी. वडील त्याच्यानंतर दोन वर्षांनी, मार्चमध्ये गेले. दोन्ही वेळा ती शेजारी होती.