छकुलीचं हसू

खोटं सांगून मला काय मिळणार? ही माझ्या सख्ख्या मावशीबाबत घडलेली हकिगत आहे. मी नुसतं 'गोष्ट' म्हटलं तरी ती चिडते.

मावशी डबिंग करते. त्या दुपारी तळघरातल्या स्टुडिओत तिला एका विनोदी भुताच्या पिक्चरमधल्या चेटकिणीला आवाज द्यायचा होता. घरी सांभाळायला कोणी नाही, म्हणून तिची पाच वर्षांची छकुली काचेपलीकडे रेकॉर्डिस्टकाकांजवळ बसली होती.

"ताई, असं हसा की माणूस घाबरलाही पाहिजे आणि पोट धरून हसलाही पाहिजे," दिग्दर्शक म्हणाला.

मावशी हसून हसून दमली. जमेना.

शेवटच्या वेळी काचेपलीकडे छकुलीही खिदळली. काच बंद होती. आवाज आत येणं शक्यच नव्हतं.

तरी हेडफोनमध्ये तो आला... मावशीच्या हसण्यात मिसळून.

"हेच पाहिजे होतं!" दिग्दर्शकाने टाळी वाजवली. सुटले एकदाची, म्हणून मावशीही गप्प बसली.

त्या दिवसापासून छकुली हसली नाही.

गुदगुल्या केल्या, घोडा घोडा केला... काही नाही. मग बोलणंही बंद झालं. डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं.

तिने दिग्दर्शकाचे पाय धरले. "ते हसू काढून टाका हो! माझी पोर मुकी झाली!"

"भलतंच काय, ताई! अख्खा पिक्चर त्या हसण्यावर उभा आहे."

शेवटी रेकॉर्डिस्टकाकांना दया आली. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी स्टुडिओ उघडून दिला आणि छकुलीला काचेपलीकडे तिच्या खुर्चीत बसवलं.

मावशी माइकसमोर चेटकिणीसारखी हसू लागली. डोळ्यांतून धारा आणि तोंडातून ते खदाखदा हसणं. आवाज फुटेनासा झाला तेव्हाच थांबली.

हेडफोनमध्ये शांतता...

मग... अगदी लांबून...

"आई, इथे खूप अंधार आहे. मला घरी ने ना."

मावशीने दचकून वर पाहिलं. काचेपलीकडे छकुली ओठ मिटून तिच्याकडेच बघत होती.

"कुठे आहेस, सोन्या? बोलत राहा!"

"आई... माझ्या खुर्चीत कोण बसलंय?"

तेवढ्यात काकांनी दार उघडलं. "ताई, पुढची माणसं खोळंबलीत. काढा आता हेडफोन."

काढावाच लागला.

आणि खुर्चीतल्या पोरीचा हात धरून मावशी घरी आली. दुसरं काय करणार होती?

पिक्चर जोरात चाललाय म्हणतात. मी पाहिलेला नाही.

मावशी अजूनही तिला कुशीत घेऊन झोपते. झोपते म्हणजे... नुसती पडून असते.