बोलेस्लावचा उंबरा

त्या आठवड्यात जेनोवेफा द्राबिकच्या डोक्याला तिघांनी मिळून ताप दिला होता: आत्याने, भावाने आणि मेलेल्या बापाने.

बाप, बोलेस्लाव, जूनमध्ये शहरातल्या दवाखान्यात वारला. त्याआधीच भावाने, एदमुंदोने, वसाहतीतलं पाइनच्या ओंडक्यांचं जुनं घर नगरपालिकेला देऊन टाकलं होतं. पराना प्रांतात येऊन राहिलेल्या पहिल्या पोलिश माणसांच्या आठवणीसाठी शहरात एक उद्यान केलं होतं. घर सुटं करून तिथे नेलं आणि ओंडक्यावर ओंडका रचून पुन्हा उभं केलं. त्यामुळे शवपेटी दवाखान्यातून थेट दफनभूमीत गेली. खड्ड्याशी उभ्या अपोलोनिया आत्याने रडणं थांबवून विचारलं होतं, की पेटी उंबऱ्याला टेकवली कुठे?

त्यांच्यात तशी रीत होती. माणूस घरातून शेवटचा निघाला, की पेटी उंबऱ्यावर तीनदा टेकवायची. घराचा निरोप झाला, की मगच पुढे न्यायची. घरच जागेवर नाही तर उंबरा कुठून आणू, असं जेनोवेफाने तिथल्या तिथे सुनावलं होतं. विषय संपला असं तिला वाटलं.

पण आता उद्यानाची देखरेख करणारा एव्हर्टन रोज फोन करत होता. तुमच्या घराचा उंबरा वाजतो म्हणे. सुतार येऊन पाहून गेला. वाळवी नाही, फट नाही. शाळेची एक सहल तर रडत बाहेर पळाली. एदमुंदो फोनच उचलत नव्हता. आणि आत्याचं टुमणं चालूच होतं: पेटी नाही तर बोलेकची, तुझ्या बापाची, एखादी वस्तू टेकव, ती माझ्याकडे घेऊन ये, सकाळी दोघी मिळून त्याला दफनभूमीत पोचवू.

शेवटी एका दुपारी बापाची कपड्यांची रिकामी संदूक एकटीने उचलून जेनोवेफाने गाडीत टाकली. सगळ्यांचं निस्तरायला मीच जन्माला आले, असं पुटपुटत ती धुक्यातून गाडी हाकत उद्यानात पोचली.

संदूक घेऊन ती आत गेली आणि घर पाहून तिचा पारा आणखी चढला. बैठकीतली काळ्या मेरीमातेची तसबीर स्वयंपाकघरात टांगली होती. चुलीपाशी आजीच्या जागी डोक्याला रुमाल बांधलेली मेणाची बाहुली बसवली होती. जेनोवेफा तसबीर काढायला वळली आणि तिच्या तळपायांना ते आधी कळलं, कानांना नंतर.

ठक... ठक...

चूल थंडगार होती, तरी विझलेल्या मेणबत्त्यांचा आणि ओल्या मातीचा वास येत होता. एव्हर्टन दाराबाहेरच थांबला होता.

"जेनोवेफाबाई... ऐकलंत ना?"

"बहिरी नाही मी. ती बाजू धर."

दोघांनी संदूक उचलली. उंबऱ्यावर पहिल्यांदा टेकवली तेव्हा ती नुसती पोकळ वाजली. दुसऱ्यांदा एव्हर्टनचा हात घसरला. तिसऱ्या खेपेला दोघंही कमरेतून वाकले, संदूक उचलेचना. कशीबशी ती दाराबाहेर ओढली आणि सगळं शांत झालं. छपरावरून ठिबकणारं दव ऐकू येऊ लागलं.

जेनोवेफाला एकदम रडू फुटलं. जूनपासून तिला रडायला सवडच मिळाली नव्हती.

"बाबा, चुकलं आमचं," ती म्हणाली. "चल आता."

झाकण उघडून पाहायचा धीर मात्र तिला झाला नाही. परतीच्या चढावर गाडी धापा टाकत होती, मागून दबली होती. ती वाटभर बापाशी बोलत राहिली. एदमुंदोच्या कागाळ्या केल्या, दवाखान्यात शेवटी हात धरायचा राहून गेला तेही सांगितलं. किती दिवसांनी तिला हलकं वाटत होतं.

आत्या कडू चहाने भरलेला पोकळ भोपळ्याचा पेला हातात घेऊन ओसरीवर वाट पाहत होती. जेनोवेफा पायऱ्या चढून वर आली, तरी आत्याची नजर तिच्या मागे, गाडीवरच खिळून राहिली.

"कोणाला आणलंस गं?"

"बाबांना. तूच सांगितलं होतंस ना? आता तरी माझा पिच्छा..."

"हा बोलेक नाही," आत्या अगदी हळू म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. एव्हर्टन होता. त्याचा नुसता श्वास ऐकू येत होता... आणि त्याच्या मागे, लांब, लाकडावर लाकूड... ठक... ठक...

आत्याने जेनोवेफाचं मनगट घट्ट धरून तिला आत ओढलं. दार लोटता लोटता जेनोवेफाला अंगण दिसलं. तिथे चिटपाखरूही नव्हतं. वाटभर दबलेली गाडी मागच्या बाजूने हळूहळू वर आली, कोणीतरी सावकाश खाली उतरावं तशी.