लाल चिठ्ठीचा कोपरा

मी सायकलवरून पडले म्हणून सईमावशीचं जमलं, हे माझं ठाम मत आहे. आईला ते पटत नाही. पण त्या दिवशी तिथे कोण होतं? मी!

हनुवटी फुटलेली, शाळेच्या युनिफॉर्मवर रक्त, आणि मी पनवेलच्या हायवेजवळच्या हॉस्पिटलात, कॅज्युअल्टीत. मावशी तिथली सिस्टर. ती टाक्यांचं सामान शोधत या कपाटाकडून त्या कपाटाकडे पळत होती, आणि तिच्या मागोमाग एक उंच मुलगा... हातात पॅड, कानावर पेन्सिल.

"अहो, माझ्या मागे का फिरताय?" मावशी कडाडली.

"तुम्ही किती फिरता ते बघायला. सिस्टर, अशाने तुमची रोज पार शिरढोण गावापर्यंत पायपीट होत असेल."

"होऊ दे. तुम्हाला काय त्रास?"

"मला नाही... तुमच्या पायांना."

मावशीचे कान लाल झाले. टाके पडत होते तरी मी ते बघितलं!

त्याचं नाव इंद्रजीत. खारघरला राहायचा. आधी गाड्यांच्या कारखान्यात होता. तिथे फुकटची ये-जा आणि शोधाशोध बंद करून काम भराभर कसं करायचं, ते तो शिकला होता. त्याला लीन म्हणतात. तेच आता इमर्जन्सीत करायला हॉस्पिटलने त्याला काही महिन्यांसाठी बोलावलं होतं.

टाके निघाले तरी मी जात राहिले. मावशीचा डबा कोण देणार?

त्याचा एक नियम होता. जी वस्तू लागत नाही तिला लाल चिठ्ठी बांधायची आणि मागच्या कोपऱ्यात ठेवायची. शनिवारपर्यंत कोणी 'माझी' म्हटलं नाही, तर वॉर्डबॉय काशिराममामा ती हातगाडीवर घालून भंगारात नेणार. आणि या शहाण्याने पहिली चिठ्ठी बांधली कशाला? मावशीच्या लाकडी स्टुलाला!

मावशीने ती खस्सकन ओढून काढली. "हे माझं आहे. हात लावायचा नाही."

"पण ते डुगडुगतं."

"डुगडुगू दे!"

दुसऱ्या दिवशी स्टुलाच्या आखूड पायाखाली रबराची टोपी होती. इंद्रजीत पॅडमध्ये डोकं खुपसून उभा. बसताना तिने पदर नसतानाही पदर सावरल्यासारखं केलं... 

मग चावीचा दिवस आला. ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी तिथे कायम हरवायची. इंद्रजीतने भिंतीवर एक फळी लावून तिच्यावर चावीची बाह्याकृती रंगवली होती. चावी जागेवर नसली की लगेच दिसणार. मावशी म्हणाली होती, "बालवाडी आहे का ही?" आणि त्या दुपारी उरणहून टेम्पोत घालून भामाआजी नावाच्या एका म्हातारीला आणलं. ओठ निळे पडलेले. त्यांचा मुलगा रडत होता, "सिस्टर, आयला दम घेता येत नाय!"

मावशीचा हात न बघताच मागे गेला. चावी तिथेच! सुस्स करून ऑक्सिजन सुरू झाला. आम्ही सगळे आजींच्या ओठांकडे बघत राहिलो. हळूहळू रंग आला, आणि मास्कच्या आतून आवाज, "चहा हाय का गो?"

मावशी भिंतीला टेकली, हसली, आणि तिने समोर बघितलं. इंद्रजीतची पेन्सिल खाली पडली. त्याने ती उचलली नाही. मी डबा घेऊन दोघांच्या बरोब्बर मध्ये उभी होते... मुकाट्याने बाजूला झाले.

पण दोघंही बोलतील तर शपथ! बघता बघता त्याचा शेवटचा शनिवार आला. सोमवारपासून नाशिकचा कारखाना. मावशी सकाळपासून नीट लावलेला कापूस पुन्हा पुन्हा नीट लावत होती. शेवटी मीच त्याला गाठलं.

"दादा, तिला सांगणार आहात की नाही?"

"तिला मी नकोच असेन तर?"

"मग तुमच्याच नियमाने विचारा ना!"

त्याने पॅड माझ्या हातात कोंबलं आणि तडक निघाला.

थोड्या वेळाने हातगाडी कुरकुरत आली आणि काशिराममामांची हाक ऐकू आली, "सिस्टर, हे पन न्यायचं काय?"

कोपऱ्यात मोडका सलाईन स्टँड, गंजलेली खाट, आणि त्यांच्या मधोमध इंद्रजीत. शर्टाच्या बटणाला लाल चिठ्ठी. मावशी हळूहळू चालत त्याच्यापर्यंत गेली.

"हे कुणी बांधलं?"

"मीच."

"डुगडुगतं का?"

"सध्या... फार."

मावशीने चिठ्ठी सोडली. हळूच, टाका काढतात तशी. घडी घालून खिशात ठेवली.

"मामा, हे माझं आहे," ती म्हणाली. "हात लावायचा नाही."

"पण सिस्टर... सोमवारी नाशिक—"

"जा की. पण शनिवारी जागेवर दिसला नाहीस ना, तर बघ!"

'अहो' सोडून तिने पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे केलं होतं, आणि ते तिच्या गावीही नव्हतं! त्याच्या मात्र होतं. केवढा हसला तो!

हनुवटीवर माझ्या अजून खूण आहे. आई म्हणते, मलम लाव, जाईल. मी मुळीच लावत नाही.